टाकीपुढचा रस्ता

सासूबाई गेल्या तेव्हा कडक वहिनी रडली नाही, ही बातमी गल्लीत सासूबाई गेल्याच्या बातमीच्याही आधी पोचली. लोकांचं असंच असतं. गेलेल्या माणसाकडे कोण बघतं? सगळे रडणारीकडे बघत असतात. आणि ही बाई काय करत होती, तर आलेल्या माणसांच्या चपला ओळीने लावत होती. कुणी गळ्यात पडलं की त्याच्या पाठीवरून हात फिरवायची, आणि फिरवता फिरवता त्याची कॉलर सरळ करायची.

कडक हे काही तिचं नाव नव्हे. समोरच्या लाँड्रीत ती इस्त्री करायची. तिच्या हातचा शर्ट माणूस नसतानाही खुर्चीत ताठ बसेल, असं कुणीतरी म्हणालं आणि नाव चिकटलं. स्वभावाने बाई लोण्याहून मऊ. पण नाव एकदा पडलं की लोक नावाप्रमाणेच हिशेब मांडतात. "कडकच आहे हो," बायका जिन्यात म्हणाल्या. "इतकी वर्षं सगळं अंथरुणात केलं म्हातारीचं. सुटली एकदाची. रडेल कशाला?"

सुटली. मोकळी झाली. त्या आठवड्यात हे तिने इतक्या तोंडून ऐकलं की शेवटी ती स्वतःच मान डोलवायला लागली. खरं सांगायचं तर तिला सुटल्यासारखं वाटत नव्हतं आणि दुःखही होत नव्हतं. काहीच वाटत नव्हतं. वर्षानुवर्षं इस्त्रीपाशी राहून तिच्या बोटांची टोकं अशी राठ झाली होती की तापलेल्या लोखंडाला ओलं बोट लावलं तरी तिला नुसता आवाज ऐकू यायचा, चटका बसायचा नाही. आता सगळ्या अंगाचंच तसं झालं होतं.

आता या सासूसुनेचं आधीचं ऐका, म्हणजे पुढचं कळेल.

दोघींना मिळून डोंगरावरच्या देवळांना जायचं होतं. ती बर्फाजवळची, एकापेक्षा एक उंच देवळं, जिथे गाडी अर्ध्यात सोडून देते आणि पुढे आपले पाय आणि देवाची इच्छा. नवरा म्हणजे म्हातारीचा एकुलता मुलगा. पाण्याचे मीटर वाचायची त्याची नोकरी. त्याला देवाचं वेड नाही आणि वैरही नाही. कशालाही "बघू" म्हणायचा. त्याने "बघू" म्हणेपर्यंत या दोघींनी नावं नोंदवून टाकली होती.

यात्रावाल्याने बजावलं, चढण अवघड आहे, रोज जिने चढायचा सराव करा. सुनेने ते ऐकलं, सासूबाईंनी मात्र अंगात आल्यासारखं मनावर घेतलं. सकाळी जिना, संध्याकाळी जिना. शेजाऱ्यांना वाटायचं, म्हातारी काहीतरी विसरते म्हणून परत परत वर जाते. एक दिवस वरच्या पायरीवरून पाय सटकला आणि खालच्या वळणावर येऊन त्या थांबल्या. कंबरेखालचं सगळं गेलं. तोंडाला मात्र खरचटलंसुद्धा नाही. ही देवाची कृपा म्हणायची की कोप, हे त्यांच्या मुलाला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

"देवाने मला खालूनच परत पाठवली," सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या. "म्हणाला, वर शांतता आहे, तू नको येऊस."

तेव्हापासून सून त्या खाटेला बांधली गेली. ठरल्या वेळाने कूस बदलायची, नाहीतर पाठ चिघळते. रात्री नवरा उठायचा, दिवसा ती. लाँड्री रस्त्याच्या पलीकडेच. लाँड्रीवाला भला माणूस. गिऱ्हाइकाने वाजवायची जुनी पितळी घंटा त्याच्या काउंटरवर पडून होती, मुठीत धरायची, ती त्याने उचलून दिली. ती खाटेवर सासूबाईंच्या हाताशी राहिली. घंटा वाजली की वहिनी इस्त्री उभी करायची, खिडकीतून ओरडायची, "आले, आले!" आणि रस्ता ओलांडायची. कधी पाणी हवं असायचं, कधी पंखा कमी करायचा असायचा. कधी नुसतंच, "काही नाही गं, घंटा बिघडली की काय ते बघत होते."

"आई, माझ्या हातात गरम इस्त्री होती!"

"मग काय झालं? मलाही जरा ऊब दे."

आणि त्या घंटेने आणखी एक काम केलं. तिने वहिनीचं जग आखून दिलं. रस्ता जिथे वळतो तिथे पाण्याची टाकी आहे. मन लावून ऐकलं तर टाकीपर्यंत घंटा ऐकू येते. टाकीच्या पुढे येत नाही. म्हणून वहिनी टाकीच्या पुढे जायची नाही. भाजी अलीकडे मिळायची. औषधांचं दुकान, बसथांबा, बँक, यात्रावाल्याचं ऑफिस, सगळं पलीकडे. ते नवऱ्याने करायचं नाहीतर फोनवर. कुणी मनाई केली नव्हती. पाय आपोआप वळायचे, इतकंच.

डोंगराचा विषय मात्र घरातून गेला नाही. ज्यांना चालवत नाही त्यांना तिथे माणसं पाठीवर टोपलीत बसवून वर नेतात, हे सासूबाईंना कुणीतरी सांगितलं होतं. "परक्याच्या पाठीवर मी मेले तरी बसायची नाही," त्या म्हणायच्या. "जाईन तर तुझ्या पाठीवर."

"माझी पाठ मोडेल, आई."

"मोडू दे. दोघी एका खाटेवर पडू. घंटा कुणाकडे राहील ते मात्र आधी ठरवायचं."

आणि कधी कूस बदलताना, तोंड भिंतीकडे असताना, हळूच म्हणायच्या, "मी गेले ना, की पहिली तू डोंगर गाठ. माझ्या फोटोसमोर बसून राहिलीस तर याद राख."

तर अशा त्या सासूबाई गेल्या. दुपारी, झोपेत, घंटा न वाजवता.

सगळं आटोपल्यावर नणंदबाईंनी सूत्रं हातात घेतली. नणंद मनाने वाईट नव्हती. आईला बघायला यायची, फळं आणायची, सल्ले द्यायची, आणि सल्ले संपले की जायची. आता बहुधा तिलाही आतून टोचत असावं. "वहिनी, तू आता मोकळी," ती म्हणाली. "या मोसमात आपण दोघी जायचं. आईची इच्छा होती. मी दोन जागा धरायला सांगितल्यात."

"बरं," वहिनी म्हणाली.

आता तुम्ही म्हणाल, जन्मभर ज्याची वाट बघितली ते समोर आलं, बाईला आनंद झाला असेल. कसला आनंद! तिने "बरं" म्हटलं आणि चहाचे कप विसळायला गेली. ती इच्छा आत कुठे आहे का, ते तिने चाचपून पाहिलं. जिथे असायची तिथे ती नव्हती. याचीच तिला थोडी भीती वाटली, आणि ती भीतीही लगेच विझली.

यात्रावाल्याचा फोन आला. गडी बोलका होता. "वहिनी, खोली कशी हवी?"

"तळमजल्याची. पायरी नको."

"बरं. खाण्याचं?"

"मऊ. तिखट नको. चावायला लागेल असं काही नको."

"बाथरूम?"

"खाटेला लागून असलं तर बरं."

"वहिनी, वय काय म्हणालात आपलं? ताई तर म्हणाल्या की धडधाकट आहात."

फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं की तिने सगळी उत्तरं सासूबाईंची दिली. तिला स्वतःला कशी खोली हवी, याचं उत्तर तिच्याकडे नव्हतंच. परत फोन करून सांगावं, तर सांगणार काय? राहू दिलं.

मग सराव सुरू झाला. यात्रावाल्याचं तेच जुनं पालुपद, रोज चाला, रोज आणखी लांब. जिन्याचं नाव कुणी काढलं नाही. संध्याकाळी लाँड्रीतलं काम संपलं की वहिनी निघायची. चाल चांगली होती, दम लागत नव्हता. दुकानं मागे टाकत टाकीपर्यंत यायची आणि टाकीपाशी वळून परत. नवऱ्याने विचारलं, "किती चाललीस?" तर म्हणायची, "चालले की." दुसऱ्या दिवशी ठरवून निघाली की आज पुढे जायचं. टाकी आली, आणि भानावर आली तेव्हा ती घराच्या दारात उभी होती, किल्ली हातात घेऊन. तिसऱ्या दिवशी टाकीच्या भिंतीला हात लावून उभी राहिली. कान घराकडे लागले होते. रिकाम्या घराकडे. अशी किती वेळ उभी होती कोण जाणे. मग कूस बदलायची वेळ झाली, असं काहीतरी अंगातून गेलं आणि पाय वळले. घरी खाट नव्हती, ती कधीच उचलून नेली होती. वहिनी त्या मोकळ्या जागेपाशी जाऊन आली आणि स्वयंपाकाला लागली.

आणि मग ते जाकीट. नणंदबाईंनी दोघींसाठी सारखी जाकिटं आणली होती, लाल, वारा अडवणारी, सरसर वाजणारी. वहिनीने ते घरी नेलं नाही, लाँड्रीतच टेबलावर ठेवलं. दुपारी शर्टांचा ढीग होता. एक घे, फिरव, घडी कर. दुसरा घे. ढीग संपला तसा हात पुढे गेला, लाल काहीतरी हाती आलं, पसरलं आणि सुती कपड्यासाठी तापलेली इस्त्री त्यावर ठेवली.

पहिल्यांदा वास लाँड्रीवाल्याला आला. "वहिनी! अहो वहिनी!"

तिने इस्त्री उचलली तेव्हा जाकिटाच्या पाठीचा भाग वितळून दोऱ्यांसारखा ओढत वर आला. आजवरच्या कामात तिने एक रुमालही पिवळा पडू दिला नव्हता. नवशिक्या पोरींना ती पहिलं काय शिकवायची, तर कापड आधी बोटांनी ओळखा, मग इस्त्री उचला. आणि आता स्वतःचंच, देवाला जायचं, कोरं जाकीट. लाँड्रीवाल्याने इस्त्रीचं बटण बंद करून तिला स्टुलावर बसवलं. ती बसली. कसं झालं, हे तिलाही समजत नव्हतं, आणि वाईट वाटायला हवं होतं तेही वाटत नव्हतं.

नणंदबाई मात्र भडकल्या. घरी येऊन ते जाकीट हातात धरून उभ्या राहिल्या. "वहिनी, तुला जायचंच नाहीये. सरळ सांग ना! मी एकटीच आपली नाचतेय. आईसाठी डोळ्यात टिपूस आलं नाही, निदान तिची इच्छा तरी..."

बोलून गेल्या आणि मग त्यांनाच कसंतरी झालं.

"ताई," वहिनी म्हणाली, अगदी शांतपणे, भाजीचा भाव सांगावा तशी, "मला टाकीच्या पुढे जाता येत नाही."

नणंदेला हसू आलं. "म्हणजे?"

"जाता येत नाही. पाय वळतात. डोंगरावर कशी येऊ मी? मला जायचंय की नाही हेही कळत नाही. आई गेल्या ते तरी मला कळलंय का, तेही कळत नाही."

नणंदेचं हसू ओठावरच राहिलं. ती त्या जळक्या जाकिटाची घडी घालत बसली, उलटी सुलटी, चुकीची. वहिनीने ती तिच्या हातातून घेऊन नीट घातली. "यात्रावाला शनिवारपर्यंत थांबेल," नणंद शेवटी म्हणाली. "त्यानंतर जागा दुसऱ्याला देईल. आणि खरं सांगते, या वर्षी राहिलं तर आपलं कायमचंच राहील. तू नाही आलीस तर मीही नाही जाणार. काय तोंड घेऊन जाऊ?"

नवरा दारात मोजे काढत होता. त्याने सगळं ऐकलं असणार. पण आज "बघू"सुद्धा म्हणाला नाही.

शनिवारी लाँड्री अर्धा दिवस. वहिनी घरी आली तर दाराशी पाठीवर घ्यायची बॅग भरून ठेवलेली. नवरा पाठमोरा खिडकीपाशी. "ओझं घेऊन चालायची सवय करा म्हणाला ना तो," तो म्हणाला. "घातलंय थोडं. वजनासाठी."

"काय घातलंत?"

"होतं ते."

तिने बॅग पाठीवर टाकली आणि निघाली. यात्रावाल्याला फोनवर नाही म्हणून टाकायचं, हे तिने मनाशी ठरवलंच होतं. त्याआधी शेवटचं एकदा चालायचं, म्हणजे प्रयत्न केला नाही असं कुणी म्हणायला नको. बॅग जड होती पण बोजड नव्हती. आतलं काहीतरी मऊ होतं, पाठीला बरं वाटत होतं. चालता चालता आतली बांधाबांध सैल होत होती, तिकडे तिचं लक्ष नव्हतं. भाजीवाली गेली, चपला शिवणारा गेला, टाकी आली. वहिनी थांबली. कान घराकडे गेले. वळले पाय, नेहमीसारखे.

आणि घंटा वाजली.

"आले, आले!" वहिनी ओरडली. भर रस्त्यात, भरदुपारी, पोटातून. सायकलवरचा माणूस दचकून वळून बघायला लागला. ती घराकडे दोन पावलं धावली, घंटा परत वाजली, मागून. ती टाकीकडे वळली, तरी घंटा मागूनच. अशी ती दोनदा स्वतःभोवती फिरली तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला.

बॅग पुढे ओढून तिने चेन उघडली. सासूबाईंची पांघरायची शाल. पाठीला लावायची छोटी उशी. तोंडाला लावून पाणी पाजायचा तो चोचीचा कप. आणि शालीच्या सुटलेल्या घडीतून डोकं बाहेर काढून बसलेली पितळी घंटा. नवऱ्याने ती मुद्दाम ठेवली, की आईचं टाकवत नाही म्हणून हाताला आलं ते भरलं, हे तो सात जन्मांत सांगणार नाही. विचारलं तर "बघू" म्हणेल.

तिने शालीला नाक लावलं. वास अजून होता. मग मात्र बांध फुटला. टाकीच्या भिंतीला टेकून कडक वहिनी ढसाढसा रडली. लोक थांबले, कुणी पाणी आणलं. "काय झालं हो?" भाजीवालीने धावत येऊन विचारलं. "आमच्या सासूबाई गेल्या," वहिनी हुंदके देत म्हणाली. भाजीवालीला ते ठाऊकच होतं, सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. तरी ती शहाणी बाई "अगं आई गं, कधी?" म्हणाली आणि तिच्याजवळ बसली.

रडू ओसरल्यावर वहिनीने नाक पुसलं. शाल घडी केली, नीट, कडेला कड लावून. घंटा शालीत गुंडाळली नाही, वरच ठेवली. बॅग पाठीवर घेतली. घरी आता वाजायला काही उरलं नव्हतं. जे वाजायचं ते पाठीवर होतं. ती टाकीला वळसा घालून पुढे निघाली, दर पावलाला घंटा वाजायची आणि दर चारदोन पावलांनी ती पुटपुटायची, "आले म्हटलं ना! जरा दम धरा!" तिला सासूबाईंची आठवण येत होती. इतकी येत होती की छातीत दुखत होतं, आणि ते दुखणं तिला हवंसं वाटत होतं. औषधांचं दुकान गेलं, बसथांबा गेला.

यात्रावाल्याचं ऑफिस वरच्या मजल्यावर होतं. वहिनी जिन्यापाशी क्षणभर थांबली, कठडा घट्ट धरला आणि एकेक पायरी बेताने चढून गेली. दारात सुजलेल्या डोळ्यांची, घामाघूम झालेली बाई बघून तो खुर्चीतून उठला. आवाज ऐकल्यावर त्याने ओळखलं.

"वहिनी तुम्ही! अहो, चालत आलात? मी म्हटलं आज फोनवर नाहीच म्हणणार."

"यायचंय मला," वहिनी म्हणाली. "आणि ती तळमजल्याची खोली नको. वरची द्या. खिडकी असलेली."

"देतो की. बसा, बसा. आणि ती बॅग तरी खाली ठेवा आधी. केवढं ओझं ते!"

वहिनीने दोन्ही पट्टे घट्ट धरले.

"नको हो," ती म्हणाली. "खाली ठेवलं की घंटा वाजवतात."